बुडालेल्या विहिरीवरचं जाळं

सरकारी कागदात पुंजाराम महादू, वय एकसष्ट, धंदा मासेमारी, हा एक निष्काळजी इसम आहे. तसं जबाबात लिहिलेलं आहे, खाली त्याची सही आहे आणि त्याच्या सहीखाली माझी. मी बत्तीस वर्षं जंगलखात्यात काढली. त्यांतली शेवटची नऊ सिन्नरच्या पश्चिमेला शिरसवाडीच्या धरणावर, वनपाल म्हणून. त्या नऊ वर्षांत इतकं जपून वागणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. मग 'निष्काळजी' हा शब्द कागदात आला कुठून? तो मी घातला. हे सांगायला मला इतका उशीर झालाय की आता सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. तरी सांगतो.

पुंजाराम मुळातला मासेमार नव्हे, शेतकरी. धरण बांधलं तेव्हा तो विशी-बाविशीचा होता. त्याचं वावर, दगडात बांधलेली विहीर आणि विहिरीशेजारचं खळं पाण्याखाली गेलं. गाव उचलून वरच्या माळावर नेऊन ठेवलं. माळावर पिकणार काय, कुसळं? मग ज्यांची वावरं बुडाली त्यांनी मिळून मच्छीमार सोसायटी काढली आणि ज्या पाण्यानं जमीन गिळली त्याच पाण्यात जाळी टाकायला सुरुवात केली. होड्या कुठल्या? ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब घ्यायची, तिच्यावर फळी बांधून बसायचं आणि हातानं पाणी मारत जायचं. नांगर धरलेल्या माणसांना हे शिकायला दोन-तीन वर्षं लागली. त्यात एक जण बुडालासुद्धा.

ह्या लोकांची एक रीत आहे. धरणाचं पाणी कागदोपत्री सगळ्या सोसायटीचं, पण जाळं जो तो आपापल्या बुडालेल्या वावरावरच टाकतो. वर काही खूण नसते, नुसतं पाणी असतं. तरी मारुतीचा कळस आणि समोरच्या डोंगरावरची चिंच एका रेषेत आली की इथं पुंजारामचं खळं, विजेचा खांब कळसाच्या डावीकडे गेला की तिथं सावळीरामची मळई, हे प्रत्येकाला तोंडपाठ. चाळीस वर्षं झाली तरी बांधावरून भांडणं होतात आणि बांध पंचवीस फूट खाली. मी नवा होतो तेव्हा असल्या एका भांडणात हसलो होतो. पुंजाराम शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, पानी सरकारचं हाय. खाली वावर तर आमचंच हाय ना?"

त्याला सगळा गाव तात्या म्हणायचा, मीही म्हणायचो. उंचीनं बेताचा, रंगानं काळा, बोलायला लागला की लवकर न थांबणारा. तंबाखू मात्र दुसऱ्याला द्यायची वेळ आली की त्याची डबी हटकून घरी राहिलेली असायची. बायको कलाबाई हिच्याशी त्याचं दिवसातून चार वेळा वाजायचं, बहुतेक वेळा चहात साखर किती यावरून. असा साधा चारचौघांसारखा माणूस. फक्त एक खोड. कोणाला 'हो' म्हटलं की ते त्याला मोडता यायचं नाही. 'हो' म्हणून निभावून न्यायची जी कला आपल्याकडे लहान पोरांनाही येते, ती त्याला आली नव्हती.

उन्हाळ्यात धरण आटलं की त्याच्या विहिरीचा काठ वर यायचा. तेवढे दोन महिने त्याला आपली विहीर दिसायची. तो जाऊन काठावरचा गाळ काढायचा, काटक्या उचलायचा. पाणी चढलं की हे सगळं परत बुडणार आहे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. २०१७च्या मे महिन्यात तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या ऑफिसात आला आणि त्यानं ती सरळ माझ्या टेबलावर, कोणाच्या तरी रजेच्या अर्जावर ठेवली.

"भाऊसाहेब, माझ्या विहिरीवर रोज कोन हागून जातंय, तेवढं शोधून द्या."

पिशवीत काळसर, माशांच्या खवल्यांनी भरलेली घाण होती. वासानं मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आमचा वनरक्षक संतोष, तेव्हा नुकताच लागलेला पोरगा, त्यानं पिशवीत डोकावलं आणि त्याचा चेहराच बदलला. "साहेब, पाणमांजर," तो म्हणाला.

म्हातारी माणसं त्याला ऊद म्हणायची. धरणाच्या आधी नदीच्या डोहात ते असायचे. कातड्यासाठी मारले, मासे खातात म्हणून मारले आणि शेवटी संपले. तीस-पस्तीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. कुठून, कोणत्या ओढ्यानं परत आले कोणास ठाऊक. पहिल्या वर्षी पाच होते, तिसऱ्या वर्षी नऊ. वरच्या ऑफिसातून फोन आले, नाशिकहून कॅमेरेवाले आले, मला पंधरा दिवस फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

सोसायटीला मात्र घाम फुटला. पाणमांजर कळपानं मासेमारी करतं आणि आयते जाळ्यात लागलेले मासे त्याला जास्त आवडतात. ते काढताना जाळं उभं फाडून ठेवतं. सकाळी जावं तर जाळ्यात नुसती कटल्याची मुंडकी. सर्वांत आधी शिव्या दिल्या त्या पुंजारामनंच. त्याच्याच विहिरीच्या दगडांत त्यांनी बीळ केलं होतं, पाणी चढलं की ती जवळच्या काठावरच्या खडकांत सरकायची, तेव्हा पहिला दणका त्याच्याच जाळ्याला. "एकेकाला धरून आपटलं पायजे," म्हणून तो माझ्यासमोर पाय आपटत गेला होता.

मग एक दिवस तो ऑफिसात येऊन बसला. सकाळी त्यानं मादीला पाहिलं होतं. ती पिलांना मानगुटीला धरून विहिरीच्या काठावरून पाण्यात सोडत होती आणि पिलं रडत परत वर चढत होती. "पोरं पान्याला भितात," तो म्हणाला. "उदाची पोरं आन पान्याला भितात." मग म्हणाला, "माझ्या वावरात येऊन राह्यलीत. म्हंजे माझीच झाली ना." आपल्या गोठ्यात येऊन कोणाची गाय व्याली तर शेतकरी जसं बोलेल, तसंच तो बोलत होता.

तिथून तो बदलला. सोसायटीचा चेअरमन सावळीराम आणि त्याची माणसं माशांत औषध घालून ठेवायचं बोलत होती. पुंजाराम मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, ज्याला औषध टाकायचंय त्यानं आधी मला त्याच विहिरीत ढकलावं. औषधाचं बोलणं तिथंच मिटलं. खात्यानं त्याला 'पाणमांजर मित्र' केलं. एक टोपी आणि एक वही दिली. टोपी त्यानं फोटोपुरती घातली. वही मात्र इमानानं लिहिली, चौथी पास अक्षरात: आज चार दिसले. एक लंगडी. पिलं दोन, आता पोहतात.

तरी जाळी फाटतच होती आणि माणसांनी उपाशी राहून प्राणी जपावेत असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणून योजना आली. पाणमांजरानं जाळं फाडलं की आम्ही पंचनामा करायचा आणि त्या माणसाला नवं जाळं द्यायचं. योजना चांगली होती. पहिले सहा महिने चांगली चालली. मग एका आठवड्यात सतरा फाटकी जाळी माझ्या दारात येऊन पडली. काहींवर उंदरांचे दात होते, एकाला तर माळ्यावरची जळमटं तशीच. एक जाळं एकाच्या मेहुण्याचं होतं आणि मेहुणा हरसूलचा, जिथं हे धरण नाही. मी वरच्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. माझं डोकं फिरलं.

मारुतीच्या देवळात सोसायटीची मीटिंग लावली आणि मी फर्मान काढलं. इथून पुढं फाटलेलं जाळं माझ्याकडे आणायचं नाही. जिथं फाटलं तिथंच, पाण्यात, जसंच्या तसं ठेवायचं. मी येऊन डोळ्यांनी पाहणार, मगच पंचनामा. हलवलं की नवं जाळं विसरा. ह्याचा कागद केला नाही, तोंडीच सांगितलं. आमच्याकडे अर्धं सरकार तोंडीच चालतं.

सगळे माना डोलावत होते. पुंजाराम तेवढा उठला. "भाऊसाहेब, किती दिस ठेवायचं?"

"मी येईपर्यंत."

"फाटकं असलं तरी बाकीचं जाळं चालूच ऱ्हातं ना खाली. सांजच्याला टाकलं का सकाळच्याला काढायचं, हे आपलं ठरलेलं. दिवसरात पान्यात ठेवलं आन कोनी बघायला नसलं, तर काय बी गुतंल त्यात. पोरं पन गुततील."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. हे मला तिथंच कळलं होतं का? खरं सांगायचं तर अर्धवट कळलं होतं. पण चाळीस माणसांसमोर माघार घ्यायची नव्हती. मी म्हणालो, "तात्या, पाणमांजराचं वकीलपत्र घेतलंय का तुम्ही?" लोक खो खो हसले. पुंजारामही थोडा हसला आणि खाली बसला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

लोकांनी माझ्या फर्मानावर आठ दिवसांत उपाय काढला. सकाळी नेहमीसारखं जाळं काढायचं, मासे विकायचे. माझी मोटरसायकल धरणाच्या भिंतीवर दिसली की फाटकं जाळं पळत जाऊन परत पाण्यात सोडायचं आणि तोंड पाडून काठावर उभं राहायचं. मला ते माहीत होतं. त्यांना मला माहीत असल्याचं माहीत होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. एकटा पुंजाराम मात्र 'हो' म्हणून बसलेला होता.

२०२१चा जानेवारी. थंडी कडाक्याची होती. सोमवारी सकाळी पुंजारामचा फोन आला. "भाऊसाहेब, जाळं फाटलंय. विहिरीवरचं. येता का?"

मी त्या वेळी सिन्नरकडच्या एका उसात होतो. बिबट्याचे बछडे सापडले होते आणि भोवती दोनशे माणसं मोबाईल घेऊन उभी होती. "उद्या येतो," मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी परत फोन. "भाऊसाहेब, पोरं लय जवळ फिरायलीत जाळ्याच्या. काढून घिऊ का? नवं जाळं नसंल मिळत तर नसू द्या."

हा फोन मला शब्द न् शब्द आठवतो. उसाच्या बांधावर मी उभा होतो, दोन दिवस नीट जेवलो नव्हतो, आणि मागून एक पुढारी माझ्या नावानं ओरडत होता. मी म्हणालो, "तात्या, तुम्हीच मोडायला लागलात तर बाकीच्यांना मी काय सांगू? हात लावायचा नाही. सकाळी येतो म्हणजे येतो."

"बरं," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी मी आणि संतोष धरणावर पोचलो. पुंजाराम काठावर उकिडवा बसला होता. त्याच्या पुढ्यात त्याचा पंचा पसरलेला होता आणि पंचावर मादी आणि तिची दोन पिलं. बुडून मेलेली. जाळ्याचे दोरे अजून त्यांच्या गळ्यात होते. पिलू आधी गुंतलं असेल, मादी सोडवायला गेली असेल, दुसरं पिलू तिच्या मागे, असं संतोष म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. बाकीची पाणमांजरं विहिरीच्या अंगाला पाण्यात फिरत होती आणि शिट्टीसारखा आवाज काढून हाका मारत होती. हाक मारायची, थांबायचं, परत हाक मारायची. तासभर ते चाललं.

पुंजारामनं मेलेल्यांना सोडवायला लागेल तेवढंच जाळं कापलं होतं. बाकीचं तसंच पाण्यात होतं. बुचं वरती तरंगत होती. त्यानं मान वर करून मला विचारलं, "भाऊसाहेब, आता काढू का जाळं?"

मी नुसती मान हलवली.

तीन पाणमांजरं मेली म्हणजे लहान गोष्ट नव्हे. वनगुन्हा दाखल झाला. चौथ्या दिवशी नाशिकहून मोठ्या मॅडम चौकशीला आल्या. सोसायटीच्या खोलीत टेबल लावलं, जबाब लिहून घ्यायला मी. दारात सावळीराम आणि आठ-दहा जण उभे. मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, "जाळं रोज सकाळी काढायचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. मग दोन दिवस, दोन रात्री पाण्यात का ठेवलं?"

दारातल्या प्रत्येकानं माझं फर्मान देवळात बसून ऐकलं होतं. पण फर्मानाची गोष्ट निघाली की त्यांची सकाळ-दुपारची चलाखीही निघणार होती. सावळीराम आपल्या पायाचा अंगठा बघत होता. संतोषला फोनचं माहीत नव्हतं. माहीत होतं ते दोघांना.

पुंजारामनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर शेजारच्या हुशार पोराकडे बघावं तसं पाहिलं, की ह्याचं उत्तर तर तुला येतंय. मी कागदाकडे पाहत राहिलो. माझ्या निवृत्तीला अडीच वर्षं होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं. चौकशी लागली, निलंबन झालं, पेन्शन अडकली, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. म्हणजे मला सुचलं नाही असं नाही. सगळं सुचलं आणि मग मी गप्प बसलो.

"राहून गेलं," पुंजाराम म्हणाला.

तो एवढंच बोलला. मी लिहिलं: 'सदर जाळे माझ्या निष्काळजीपणामुळे पाण्यात राहून गेले.' जबाब वाचून दाखवायचा असतो. मी भराभर वाचला. त्यानं कागद ओढून घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं, अक्षर अक्षर लावून तो लांबलचक शब्द वाचला आणि माझ्याकडे न बघता खाली सही केली. मॅडम गाडीत बसताना मला म्हणाल्या, माणूस सरळ दिसतो, पण काय करणार. मी म्हणालो, हो ना, काय करणार.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत घोकली होती. चोराच्या बाजूनं ती कशी वाटते हे मला तेव्हा कळलं. संन्याशाला फाशी होत असताना चोराला भूकही लागते आणि झोपही येते.

पुढचं सगळं आपोआप झालं. पुंजारामची ट्यूब आणि जाळं मुद्देमाल म्हणून जमा. धरणाचा ठेका जाईल ह्या भीतीनं सोसायटीनं त्याचं नाव कमी केलं. त्याच्या विहिरीवरचं पाणी सावळीरामच्या पुतण्याला, शेखरला गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या वावरावर दुसऱ्यानं जाळं टाकलं. शेखर पहिल्या दिवशी पाण्यात उतरला तेव्हा पुंजाराम भिंतीवर उभा होता म्हणे. शेखरला कळस आणि चिंच एका रेषेत धरता येत नव्हती. ह्यानंच वरून ओरडून सांगितलं, "डावीकडं घे. अजून डावीकडं. हां, तिथं विहीर हाय. काठाचं बीळ सोडून टाक." मग तो घरी गेला आणि परत धरणावर आला नाही.

त्याचा मुलगा ललित एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. तो आई-बापाला आपल्याकडे घेऊन गेला. केंद्राच्या धुराड्यांच्या सावलीत पत्र्याच्या खोल्यांची ओळ, त्यात एक खोली ह्यांची. तिथं पुंजारामनं करायचं काय? पाणी होतं ते नळाला, तेही ठरल्या वेळी.

खटल्याच्या तारखा नाशिकच्या कोर्टात पडायच्या. फिर्यादी पक्षाचा साक्षीदार म्हणून मी असायचो. साक्ष कधी झालीच नाही. एकदा वकील नाही, एकदा साहेब रजेवर, एकदा नुसतीच पुढची तारीख. पुंजाराम सकाळच्या बसनं यायचा, धुतलेला सदरा घालून, आणि बाकावर माझ्या शेजारी बसायचा. आरोपी आणि साक्षीदार एका बाकावर. दुपारी फडकं सोडून भाकरीचा अर्धा तुकडा आणि ठेचा माझ्यापुढे सरकवायचा. मग विचारायचा, "यंदा पिलं किती?" मी सांगायचो, चार. पुढच्या वर्षी, सात. तो मान हलवायचा. "लंगडी हाय का अजून?" आहे म्हणालो की त्याला बरं वाटायचं. एवढंच आमचं बोलणं. प्रत्येक तारखेला मी घरून ठरवून निघायचो की आज बोलायचं. आणि प्रत्येक तारखेला भाकरी खाऊन परत यायचो.

ते फर्मान मी कधीच मागे घेतलं होतं. फटफजिती नको म्हणून गाजावाजा न करता. आता जाळं फाटलं की लोक मोबाईलवर फोटो पाठवतात आणि जाळं काढून घेतात. इतकं सोपं होतं ते. हे देवळातल्या मीटिंगमध्ये कोणीही सुचवू शकलं असतं. पुंजारामनं जवळजवळ सुचवलंच होतं.

२०२३च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल, नारळ आणि 'पाणमांजर संवर्धनातील उल्लेखनीय कामगिरी'बद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. धरणावर आता तेवीस पाणमांजरं आहेत असं साहेबांनी भाषणात सांगितलं, ते खरंच होतं. टाळ्या वाजल्या. मी त्या प्रशस्तिपत्राचं काय केलं ते सांगत नाही, कारण मी ते फाडलं नाही.

नाशिकरोडला आमचा फ्लॅट आहे. तिथून एकलहरं गाडीवर पंधरा मिनिटं. आता नोकरी जायची भीती नव्हती. कोर्टात एक अर्ज द्यायचा, झालं ते लिहायचं. त्याआधी एकदा पुंजारामकडे जाऊन यायचं. पण पेन्शनचे कागद एकदा सुरळीत होऊ देत. मग मुलीचं, सायलीचं, लग्न आलं. मग गुडघा धरला. मग पाऊस. सबबींना काय तोटा? रोज संध्याकाळी गॅलरीतून वीज केंद्राचा धूर दिसायचा आणि मी खुर्ची उलटी फिरवून बसायचो.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात संतोषचा फोन आला. "साहेब, पुंजातात्या गेले. परवा. झोपेतच." आरोपी मयत झाल्यानं खटला संपला, हेही त्यानंच पुढं कधीतरी सांगितलं. म्हणजे कागद जसा होता तसाच राहिला. आता त्यातलं एक अक्षर बदलायची सोय नाही.

दहावा-तेरावा आटोपल्यावर मी गेलो. लोकांसमोर जायची लाज वाटली म्हणून नंतर गेलो. कलाबाई दारातच धान्य निवडत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, सुनेला "शुभांगी, चहा ठेव गं" म्हणून हाक मारली आणि मला बसायला खुर्ची दिली. मी ठरवून गेलो होतो, म्हणून बसल्या बसल्या सांगून टाकलं. देवळातलं फर्मान, मंगळवारचा फोन, तो शब्द.

"ठावं हाय मला," कलाबाई म्हणाली. तिचे हात चालूच होते. "फोन केला तव्हा मी शेजारीच व्हते. मी म्हनायचे त्येंला, सांगा ना जजाला, भाऊसाहेबानंच सांगितलं व्हतं. तर म्हनायचे, आत्ता नको. त्येच्या नोकरीची थोडी वर्सं राह्यलीत, लेक लग्नाची हाय. आत्ता बोललं तर त्येचं वाटोळं व्हईल. रिटायर झाला का तो आपनहून येईल, बोलंल. तो काय वाईट मानूस नाय."

तिनं धान्यातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तुम्ही रिटायर झाल्याचं संतोषनं फोनवर सांगितलं. तव्हापासून रोज दुपारी जेवन झालं का दारात खुर्ची टाकून बसायचे. मी म्हनायचे, आत या, ऊन लय हाय. तर म्हनायचे, हिथं समद्या खोल्या सारख्याच. भाऊसाहेबाला घर सापडायचं नाय."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बसायचेच," ती म्हणाली. "शेवटी शेवटी बसवंना, तर खाट दाराशी घ्यायला लावली."

शुभांगीनं चहा आणून दिला. मी तो घेतला. घर शोधायला मला त्या दिवशी अजिबात वेळ लागला नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं बोटानं दाखवलं होतं.